एक्क्याण्णव खरे की अडतीस?

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे, असं छातीठोकपणे सांगायला मला फार आवडलं असतं. पण ते कितपत खरं आहे, हे माझं मलाच नक्की ठाऊक नाही. मला चामडं नाही, दोऱ्या नाहीत आणि खरं सांगायचं तर मी वाजतही नाही. माझ्यावर टिपरी मारली की ओल्या रेतीवर चप्पल आपटावी तसा 'टप्प' एवढाच आवाज येतो. खरा आवाज येतो तो टीव्हीतून. मी व्हिडिओ गेमचा ढोल आहे. अंग प्लॅस्टिकचं, तोंडावर रबराची जाड चकती, पोटात चार इवलेसे सेन्सर आणि मागे एक लांब वायर. आता याला ढोल म्हणायचं, खेळणं म्हणायचं की मशीन, ते तुम्हीच ठरवा. रेवदंड्याच्या कोळीवाड्यात मला तिन्ही नावांनी हाक मारतात आणि मी तिन्हींना ओ देतो.

माझा जन्म कुठे झाला, तेही मला धड सांगता येत नाही. माझ्या खोक्यावर एका देशाचं नाव होतं आणि बुडाला चिकटवलेल्या स्टिकरवर दुसऱ्याच. आठवतो तो एवढाच एक लांबलचक कारखाना आणि एका बाईची बोटं. ती माझ्या तोंडावर चार वेळा टकटक करायची, समोरचा हिरवा दिवा लागला की मला पुढे सरकवायची. मी जन्मात पहिल्यांदा पास झालो तो तिच्या हातून. तेव्हा मला वाटलं, झालं, आता पुन्हा कुणी परीक्षा घेणार नाही. केवढा भाबडा होतो मी!

पुढे कुठल्याशा बंदरातल्या जुन्या सामानाच्या दुकानात मी पडून होतो. तिथून मला अल्पेशने उचललं. अल्पेश जहाजावर नोकरी करतो, सहा-सात महिने घराबाहेर असतो. त्याच्या लेकीसाठी, म्हणजे प्राप्तीसाठी, त्याने मला, माझ्या जोडीचा गेमचा डबा, म्हणजे मशीन, आणि 'ड्रम धमाल' नावाच्या गेमची एक सीडी, असं सगळं एका पिशवीत कोंबून घरी आणलं. प्राप्ती तेव्हा सात वर्षांची होती. पहिला महिनाभर तिने मला इतकं बडवलं की माझी चकती गरम व्हायची. मग एक दिवस ती मला विसरली. का विसरली, कुणास ठाऊक. माझं काही चुकलं होतं का, हे मी तेव्हा पुष्कळ दिवस स्वतःला विचारत होतो.

त्यानंतरची चार वर्षं मी माळ्यावर काढली. म्हणजे पहिलं वर्ष माळ्यावर आणि पुढची तीन सुकटीच्या टोपलीवर. प्राप्तीची आजी येसूबाई सुकी मासळी विकते. टोपलीत मांजराने तोंड घालू नये म्हणून तिला झाकणावर काहीतरी जड ठेवायला हवं होतं. तिने मला हातात तोलून पाहिलं, "यो बरा हाय," म्हणाली आणि ठेवून दिलं. तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात उपयोगाचा काळ होता की सगळ्यात अपमानाचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

मित्रांनो, मला तिथून खाली आणलं गेलं ते प्राप्तीच्या आज्यासाठी. त्याचं नाव तुकाराम.

तुकाराम म्हणजे कोळीवाड्याच्या बँडमधला ढोलवाला. तीस वर्षं त्याने होडीवर जाळी ओढली आणि तीस वर्षं गळ्यात ढोल घातला. आमच्या पाड्यात एक रीत आहे. नारळी पौर्णिमेला सजवलेला नारळ गावदेवीच्या देवळातून खाडीच्या तोंडापर्यंत वाजतगाजत नेतात. ती मिरवणूक सुरू होते एका थापेने. सगळं वाजप गप्प असतं, माणसं गप्प असतात आणि एकच ढोलवाला पहिली थाप मारतो. ती थाप स्वच्छ पडली की बाकीचे उचलतात. गेली बावीस वर्षं ती थाप तुकारामची होती. आणि ती चुकली तर? चुकल्याचं कुणाला आठवत नाही. पण त्यानंतर होड्या समुद्रात जाणार असतात, त्यामुळे ती चुकू नये असं सगळ्यांनाच मनापासून वाटतं.

गेल्या हिवाळ्यात होडीवरचा दोर सुटून तुकारामच्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हात बारीक झाला होता आणि बोटं लाकडासारखी झाली होती. अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं, रोज मनगट हलवा, मऊ वस्तूवर हलके हलके मारा, पण खऱ्या ढोलाला इतक्यात हात लावू नका. घरात मऊ वस्तू म्हणजे काय, म्हणून तुकारामने उशी घेतली. उशीवर मारून त्याला रडू येईल की काय, असं येसूबाईला वाटलं असावं. कारण तिने सुकटीच्या टोपलीवरून मला काढलं, पदराने पुसलं आणि त्याच्या पुढ्यात आणून ठेवलं.

"ह्याच्यावर मार. उशी मेली बोलत न्हाय काय न्हाय."

"ह्यो पन न्हाय बोलत," तुकाराम म्हणाला.

"टीव्हीला लावलास का बोलतो. पोरीला विचार."

अशी माझी दुसरी नोकरी सुरू झाली. मागच्या खोलीत जुना, पाठीला कुबड असलेला टीव्ही होता. प्राप्तीने माझ्या जोडीचा डबा त्याला जोडला. गेम सोपा आहे. गाणं लागतं, पडद्यावर उजवीकडून लाल गोळे येतात, गोळा खुणेवर आला की माझ्या तोंडावर मारायचं. कोपऱ्यात एक गोल डोळ्यांचा मासा असतो. थाप बरोबर पडली की तो टम्म फुगतो, चुकली की सुकतो. येसूबाईने त्याला पाहिल्या पाहिल्या ओळखलं. "केंड हाय यो!" ती म्हणाली. जाळ्यात आला तर शिव्या घालून परत फेकायचा, तो फुगणारा मासा. गाणं संपलं की केंड शंभरापैकी किती ते सांगतो.

पहिल्या दिवशी तुकारामला बावीस पडले. प्राप्ती हसली, मग त्याच्या हाताकडे पाहून तिने दुसरं गाणं लावून दिलं. तुकारामने चौदा नंबरचं गाणं धरून ठेवलं, कारण त्याची चाल त्यांच्या मिरवणुकीच्या चालीजवळची होती. रोज सकाळी चहा झाला की चौदा नंबर. बावीसचे पस्तीस झाले, पस्तीसचे पन्नास. आठवड्याभरात गाणं त्याला तोंडपाठ झालं आणि मग त्याने एक गंमत केली. खुर्ची फिरवली. टीव्हीकडे पाठ आणि तोंड दाराबाहेर, खाडीकडे.

"आजा, गोळे दिसणार नाहीत तुला!" प्राप्ती ओरडली.

"मना कनाला पायजेत गोळे? बँडात काय गोळे येतात? ढोलवाल्याने कानाने वाजवायचा. डोळे नाचनाऱ्यांवर."

आणि खरंच, पाठ फिरवल्यावर त्याचे गुण वाढले. साठ. बहात्तर. गाणं संपलं की तो मागे न वळता विचारायचा, "केंड फुगला काय?" आणि प्राप्ती आतून ओरडून आकडा सांगायची. मित्रांनो, त्या दिवसांत मी खूप सुखात होतो. त्याची टिपरी कुठे पडते, किती जोरात पडते, मनगट कधी दुखतं, कधी नाही, हे माझ्याएवढं कुणालाच कळत नव्हतं. येसूबाईलाही नाही.

जुलैत डॉक्टरांनी पौर्णिमेपासून खरा ढोल वाजवायला हरकत नाही म्हणून सांगितलं आणि लगेच बँडचे म्होरके धर्माजी घरी आले. चहा प्याले, पावसाबद्दल बोलले, मग हळूच मुद्द्यावर आले. "तुकारामदादा, नारळाला पहिली थाप तुमचीच ना? का अनंताला सांगू? पोरगा तयार हाय."

तुकारामने माझ्याकडे पाहिलं. "नव्वद पडले का सांगतो," तो म्हणाला.

"कसले नव्वद?"

"त्यो केंड देतो."

धर्माजींना काही कळलं नाही. पण तुकाराम बोलला म्हणजे बोलला. त्या दिवसापासून नव्वद हा आकडा घरात एखाद्या पाहुण्यासारखा राहायला आला. सकाळी उठल्यापासून सगळे त्याचीच वाट पाहायचे. पौर्णिमेच्या सहा दिवस आधी, ऐन पावसात, चौदा नंबरला एक्क्याण्णव पडले. प्राप्तीने उड्या मारल्या. तुकारामने छत्री घेतली आणि धर्माजींना सांगून आला, थाप माझीच.

गोष्ट इथेच संपली असती, तर मी आज एवढा गोंधळलेला नसतो.

दुसऱ्या दिवशी पनवेलहून चिराग आला. चिराग हा प्राप्तीचा मामेभाऊ. बारावी झालेला, कॉलेजच्या प्रवेशाची वाट पाहत बसलेला. त्याचं एक चॅनल आहे. त्यावर तो एकच गेम वेगवेगळ्या मशीनवर कसा दिसतो, कसा चालतो, याची तुलना करून दाखवतो. 'ड्रम धमाल'ची पहिली आवृत्ती आत्याच्या घरी चालू हालतीत आहे, हे कळल्यावर तो पाठीवर भलीमोठी सॅक घेऊन दाखल झाला. सॅकमध्ये त्याचं नवं मशीन होतं, हातात धरून खेळायचं एक छोटं मशीन होतं आणि मला नव्या मशीनला जोडता यावं म्हणून एक कन्व्हर्टर होता.

तोपर्यंत मला वाटायचं की 'ड्रम धमाल' म्हणजे 'ड्रम धमाल'. चिरागने एका दिवसात माझी ती समजूत पार मोडली. जुन्या मशीनवर केंड पिवळा आणि जरा भोळसट दिसतो. नव्या मशीनवर तो चकचकीत निळा झाला होता, त्याच्या अंगावरचे काटेसुद्धा मोजता यायचे आणि गोळे उजवीकडून न येता वरून पडायचे. छोट्या मशीनवर मला कामच नव्हतं, तिथे बोटाने बटणं दाबायची आणि चौदा नंबरचं शेवटचं कडवं कुणी तरी कापून टाकलं होतं. फोनवरच्या आवृत्तीत तर गाण्याच्या मध्येच साबणाची जाहिरात यायची आणि केंड तेवढा वेळ तोंड उघडं टाकून थांबायचा. मग यातलं खरं चौदा नंबर कोणतं? चार ठिकाणी चार. मी विचार करकरून दमलो.

चिराग मात्र दमला नाही. त्याने वहीत रकाने पाडले. प्राप्तीला गोळे मोजायला बसवलं. जुन्यात एकशे बारा, नव्यात एकशे बारा, छोट्यात शहाऐंशी, फोनवर सत्तर. "म्हणजे जुनं आणि नवं सेम आहे," चिराग म्हणाला. "खरी तुलना या दोघांचीच."

नवं मशीन पुढच्या खोलीतल्या मोठ्या टीव्हीला लावलं होतं. अल्पेशने तो मागच्या सुट्टीत आणला. आता कोळीवाड्याची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. इथे टीव्हीचा आवाज टीव्हीतून कुणी ऐकत नाही. पावसात पत्रे असे वाजतात की टीव्हीचं बोलणं कुणाच्या कानापर्यंत पोचतच नाही. म्हणून बहुतेक घरांत हळदीला लावतात तो चाकांचा मोठा स्पीकर असतो. हळद नसेल तेव्हा तो टीव्हीला जोडून ठेवतात. वायर लागत नाही, एक निळा दिवा लुकलुकला की जोडला गेला. आमचाही तसाच होता आणि दाराजवळ उभा असायचा. मागच्या खोलीवर मात्र कौलं होती, तिथला जुना टीव्ही स्वतःच्याच आवाजात बोलायचा.

"आजोबा, तुम्ही खेळा ना एकदा नव्यावर," चिराग म्हणाला. "माझ्या व्हिडिओला मस्त होईल. खरा ढोलवाला!"

तुकाराम खूश झाला. सदरा बदलून आला. खुर्ची फिरवून, दाराकडे तोंड करून बसला. मला मांडीजवळ घेतलं. स्पीकरमधून चौदा नंबर सुरू झालं, घर दणाणलं आणि त्याने वाजवायला सुरुवात केली. मित्रांनो, मी शपथेवर सांगतो, इतकं छान तो त्याआधी कधीच वाजवू शकला नव्हता. गाण्याची थाप आणि त्याची थाप यांत केसाचं अंतर नव्हतं. माझ्या पोटातले चारही सेन्सर खूश होते.

"केंड फुगला काय?" त्याने विचारलं.

प्राप्तीने चिरागकडे पाहिलं.

"अगं, किती?"

"अडतीस," प्राप्ती म्हणाली.

तुकाराम वळला. नव्या टीव्हीवर निळा केंड सुकून चिंचोक्याएवढा झाला होता. त्याने पुन्हा दाराकडे तोंड करून वाजवलं. छत्तीस. पुन्हा. एकेचाळीस. मग चिराग टीव्हीपुढे जमिनीवर बसला, त्याला चौऱ्याण्णव. प्राप्ती बसली, तिला नव्वद.

माझी अवस्था काय झाली असेल, विचार करा. हात तोच, गाणं तेच, गोळे तेवढेच, मीही तोच. मागच्या खोलीत शाबास आणि पुढच्या खोलीत चूक. मला वाटलं, खारी हवा लागून माझेच सेन्सर गंजले असतील. चिरागलाही आधी तेच वाटलं. "ढोल खराब झालाय वाटतं. भंगारात द्यायच्या लायकीचा आहे," असं तो माझ्यासमोर बोलला. पण माझ्यावरच त्या दोघांना नव्वदच्या वर पडले होते. मग मी खराब कसा? आणि मी चांगला, तर तुकाराम खराब का? मी कुणाच्या बाजूने उभं राहावं, तेच मला कळेना.

त्यांनी मला उचलून पुन्हा मागच्या खोलीत नेलं. जुन्या मशीनवर तुकारामला नव्वद पडले. चिरागने वहीत काहीतरी लिहिलं आणि फार शहाण्यासारखा चेहरा करून म्हणाला, "कळलं. जुनं व्हर्जन ढिलं आहे. थोडंफार चुकलं तरी चालवून घेतं. नवं एकदम स्ट्रिक्ट आहे. खरं काय ते नवं सांगतं."

"म्हंजे," तुकाराम सावकाश म्हणाला, "यो दोन महिने मना उगाच शाबास शाबास बोलत व्हता?"

चिराग काही वाईट मुलगा नाही. त्याला एकदम कसंतरी झालं. पण वहीत तसं दिसत होतं, म्हणून त्याने मान हलवली.

तुकारामने टिपरी माझ्यावर आडवी ठेवली. इतक्या हळू ठेवली की सेन्सरांना कळलंसुद्धा नाही. मग तो उठून गेला.

येसूबाई दारात मासळी निवडत होती. तिने त्याला अडवलं. "कुठं चाललास?"

"धर्माजीकडं. अनंताला सांगायला."

"एका केंडाच्या बोलन्यावर?"

"केंड न्हाय, माजा हात खोटा हाय. मना कलतच न्हाय चुकतंय ते. हे सगल्यात वाईट. मना वाटतंय बरोबर आन् पडतंय चूक. येशे, थाप चुकली आन् कुनाच्या होडीला काय झाला, त जन्मभर माज्या जिवाला लागंल."

येसूबाईने हातातली मासळी टोपलीत टाकली आणि वाट सोडली. माझ्याकडे उत्तर होतं, पण मला तोंड आहे ते फक्त मार खाण्यापुरतं. तो बरोबर वाजवत होता, हे माहीत असलेला मी एकटाच साक्षीदार होतो आणि मलाही आता स्वतःची खात्री राहिली नव्हती. तो गेला, सांगून आला आणि चार दिवस माझ्याकडे फिरकला नाही.

पौर्णिमेची दुपार आली. येसूबाई नवं लुगडं नेसून, केसांत आबोली माळून देवळाकडे गेली. तुकारामही गेला. ढोल न घेता, नुसताच, इतर माणसांसारखा. चिराग पुढच्या खोलीत व्हिडिओ जोडत बसला होता. प्राप्तीने देवळात यायचं नाही म्हटलं. ती मला मागच्या खोलीतून घेऊन आली आणि फुरंगटून आज्याच्या पुढच्या खोलीतल्या खुर्चीत बसली. खुर्ची अजून दाराकडेच तोंड करून होती. तिने मला जवळ ओढलं आणि रागारागाने नव्या मशीनवर चौदा नंबर लावलं. खुर्ची फिरवायचीही तिला इच्छा नव्हती. तशीच दाराबाहेर बघत वाजवत राहिली. गाणं तिलाही पाठ होतं, दोन महिने ऐकलं होतं.

गाणं संपलं. चिरागने सहज वर पाहिलं. "एकोणचाळीस? तू झोपेत वाजवलंस काय?"

प्राप्ती वळली. पडद्याकडे पाहत राहिली. मग खुर्ची टीव्हीकडे फिरवून पुन्हा वाजवलं. नव्वद. पुन्हा पाठ फिरवली. चाळीस. ती मला उचलून मागच्या खोलीत घेऊन गेली, जुन्या मशीनला जोडलं, टीव्हीकडे पाठ फिरवून वाजवलं. अठ्ठ्याऐंशी.

"चिरागदादा," ती म्हणाली, "आपण सगळं तपासलं. आजा बसतो तसं कोणी बसलंच नाही."

चिराग उठला. पुढच्या खोलीच्या मधोमध उभा राहिला. एकदा टीव्हीकडे, एकदा खुर्चीकडे आणि मग दाराजवळच्या त्या दांडग्या स्पीकरकडे त्याने पाहिलं. निळा दिवा लुकलुकत होता. त्याचा चेहरा इतका उतरला की मला त्याची दया आली.

"स्पीकर," तो म्हणाला. "बिनवायरचा आहे. आवाज लेट येतो त्यातून. पाव सेकंद असेल, पण येतो. मला माहीत होतं गं हे! मी चार मशीन तपासली आणि स्पीकर विसरलो."

त्याने स्पीकर बंद केला. टीव्हीचा स्वतःचा बारीक आवाज सुरू झाला. प्राप्तीने पाठ फिरवून वाजवलं. सत्त्याऐंशी.

मित्रांनो, तेव्हा कुठे मला थोडं थोडं उमगलं. ही दोघं डोळ्यांनी वाजवत होती. गोळा दिसला की मारायचं, आवाज कधीही येवो. तुकाराम कानांनी वाजवत होता. स्पीकर उशिरा बोलायचा, तो प्रामाणिकपणे त्याच्या बरोबरीने मारायचा आणि केंड म्हणायचा, उशीर झाला. सगळे खरंच बोलत होते आणि तरी निकाल खोटा होता. असंही होऊ शकतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

प्राप्ती धावत सुटली. मला खाली ठेवायचंही तिला भान नव्हतं. वायर मागे फरफटत होती, चिराग ती गोळा करत मागून पळत होता.

देवळासमोर सगळा पाडा जमला होता. नारळ सजून पालखीत बसला होता. अनंता, बाविशीतला पोरगा, गळ्यात ढोल घालून पुढे उभा होता. तुकाराम मागे, होड्यांच्या दोरांजवळ, हात पाठीमागे बांधून.

प्राप्तीने एका दमात सगळं सांगितलं. काही कुणाला कळलं नाही. मग चिरागने सांगितलं. सेन्सर, सिग्नल, ब्लूटूथ. त्यातलं तर काहीच कळलं नाही. तुकाराम नुसता ऐकत होता. मग त्याने विचारलं, "पोरा, खाडीपल्याड साळावला कुनी मेख ठोकतो, तवा हातोडा आधी दिसतो आन् आवाज मागशी येतो. तसा?"

"हो! तसंच, आजोबा. अगदी तसंच."

"आन् मी आवाजाबरोबर व्हतो?"

"एकदम बरोबर होता तुम्ही. मीच चुकलो. सॉरी."

तुकाराम उजव्या मनगटावर डावा हात फिरवत राहिला. येसूबाई बायकांच्या घोळक्यातून पुढे आली आणि तिने सरळ धर्माजींना सांगितलं, "ढोल माज्या घोवाला द्या."

धर्माजी अडचणीत पडले. "अवो वहिनी, आता सगल्यांना सांगून झालाय. पोराला कसा काढू?"

पण अनंताने तोवर पट्टा गळ्यातून काढलासुद्धा होता. "घ्या काका, घ्या," तो म्हणाला. "सकालपासून गावदेवीला बोलतोय, यो ढोल माज्या गल्यातून काढ."

माणसं हसली. तुकारामने ढोल गळ्यात अडकवला. पट्टा एक भोक आत घ्यावा लागला, कारण तो बारीक झाला होता. मग सगळं शांत झालं. खाडीवरून वारा येत होता, होड्यांवरची निशाणं फडफडत होती. प्राप्तीने मला छातीशी इतकं घट्ट धरलं की तिचं काळीज माझ्या प्लॅस्टिकवर धडधडत होतं. मला भीती वाटत होती, हे मी कबूल करतो. दोन महिने तो हात माझ्यावर पडला होता. मी मऊ आहे. खरा ढोल मऊ नसतो.

त्याने टिपरी उचलली, माणसांकडे पाहिलं आणि थाप मारली.

ती माझ्या रबरातून, सेन्सरांतून, बुडाच्या त्या अर्धवट पुसलेल्या स्टिकरपर्यंत गेली. मी वाट पाहू लागलो, आता कुणी तरी आकडा सांगेल. कुणीच सांगितला नाही. ताशाने उचललं, बाजाने उचललं, बायकांनी पदर खोचले आणि पाडाच्या पाडा नाचायला लागला. गुण देतंय कोण? सगळे नाचत होते. तुकाराम रडत होता आणि वाजवत होता आणि थाप चुकत नव्हती.

मित्रांनो, मी फार शिकलेला नाही. चार मशीनमधलं कोणतं खरं, हे मला आजही सांगता येणार नाही. चिरागलाही बहुतेक नाही. त्याने आपल्या व्हिडिओत तसं कबूल केलं आणि तो व्हिडिओ म्हणे त्याच्या इतर व्हिडिओंपेक्षा जास्त लोकांनी पाहिला. ते का, तेही मला समजलेलं नाही. पण तुम्हाला एक विनंती करावीशी वाटते. तुमच्या घरात एखादी वस्तू बिघडली असं वाटलं, किंवा एखादं माणूस आता पूर्वीसारखं राहिलं नाही असं वाटलं, तर तिला भंगारात टाकण्याआधी किंवा त्याला मागे उभं करण्याआधी एकदा त्याच्या खुर्चीत बसा. तो जिकडे तोंड करून बसतो तिकडेच तोंड करा आणि त्याला जे ऐकू येतं ते ऐका. तेवढं एकच तपासायचं राहून गेलं, म्हणून ज्याची थाप कधी चुकली नव्हती असा माणूस चार दिवस स्वतःच्या हाताला खोटं म्हणत होता.